हा पावडर माझा नाही

अप्पा, कॉफी किती बारीक दळायची यावरून आपल्या घरात पुन्हा भांडण झालं. पुन्हा म्हणजे काय, ते तुम्हाला बरोबर कळेल. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस-तीस वर्षं झाली, पण चिमटीत पूड घेऊन अंगठ्याने चोळून बघायची तुमची सवय माझ्या हातात जशीच्या तशी उतरली आहे, आणि तिच्या मागोमाग तुमचा स्वभावही. आई म्हणायची, पोरीनं बापाचं नाक घेतलं ते घेतलं, निदान संशय तरी घ्यायचा नव्हता. मी हसायचे. आता हसू येत नाही. माझ्यावर रुसून सून चार दिवस माहेरी जाऊन बसली होती, काल परत आली. ती का गेली ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात अर्धा वाटा तुमचा आहे. उरलेला अर्धा माझा. त्याबद्दलही लिहीन, पण जरा दमाने.

तुमचा संशय म्हणजे दुष्टपणा नव्हता, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. तो तुमच्या कामातूनच अंगात भिनला होता. एकलहऱ्याला तुम्ही कोळशाच्या गिरण्यांवर होतात. लोकांना वाटतं, वीज केंद्रात कोळशाची ढेकळं भट्टीत फेकतात. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही थांबवून सांगायचात, नाही हो, आधी त्याची पिठी करतात, तोंडाला लावायच्या पावडरीसारखी, आणि मग ती हवेनं फुंकून जाळतात. जाड राहिला तर नीट जळत नाही, राखेतून वाया जातो. तुम्ही चाळणीतून नमुना काढायचात, चिमटीत चोळायचात, आणि गिरणीवरचा माणूस "बारीक आहे साहेब" म्हणाला की तुमचा ठरलेला प्रश्न, "कशावरून?" ते 'कशावरून' तुम्ही संध्याकाळी जेवणाच्या डब्याबरोबर घरी आणायचात. दूधवाल्याला कशावरून, भाजीवालीला कशावरून. देवीला जायचं म्हणून नाशिकच्या स्टँडवर उभे राहिलो की वणीची गाडी हीच का, हे तुम्ही तीन माणसांना विचारायचात, आणि आत बसल्यावर पुन्हा कंडक्टरला. आई खिडकीकडे तोंड करून बसायची. एकदा तो कंडक्टर म्हणाला, "काका, गाडी वणीलाच चालली. तुम्हाला दुसरीकडं जायचं असंल तर सांगा, घंटी मारतो." सगळी गाडी खो खो हसली. तुम्ही मात्र पुढच्या काचेवरची पाटी वाकून पुन्हा बघत होतात.

आणि अशा माणसाला मित्र मिळाला तो कोण, तर कॉलनीत आपल्याच खालच्या मजल्यावर राहणारे ते दक्षिणेकडचे काका. ते बॉयलरवर. तुम्ही दळायचं आणि त्यांनी जाळायचं, असं तुमचं नातं. आम्ही मुलं त्यांना कॉफीकाका म्हणायचो. सुट्टीला गावी गेले की येताना घरच्या कॉफीची पूड आणायचे, अर्धी त्यांना, अर्धी आपल्याला. पितळी फिल्टरही त्यांनीच दिला, वरच्या भांड्याला बारीक भोकं, खाली अर्क गोळा व्हायचा. दर रविवारी सकाळी ते वर यायचे, वेताच्या खुर्चीत बसायचे, आणि आई कॉफी घेऊन यायची. तुम्ही एरवी चहाचा घोट घेतानासुद्धा आधी वास घ्यायचात, पण काकांच्या कॉफीचा घ्यायचा नाहीत. माझ्या आठवणीत तुम्ही न तपासता तोंडाला लावलेली ती एकच गोष्ट. कुरकुर होती ती फक्त दळणाबद्दल. "जाड आहे हो तुमची. पिठी केली तर दुप्पट चव उतरेल." काका मान हलवायचे. त्यांचं मराठी कायम उलटंपालटं, कॉफी तो, दूध ती. "नको नको. रव्यासारखा पाहिजे. उपम्याचा रवा नाही, लाडूचा रवा. तुमचा कोळसा जळायला पाहिजे. माझा कॉफी जळायला नको, भिजायला पाहिजे." मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांची नक्कल करायचे, "माझा कॉफी, माझा कॉफी." आई पदर तोंडाला लावून हसायची आणि मग मलाच दटावायची.

तो फिल्टर आता माझ्याकडे आहे. आईनं माझ्या लग्नात ट्रंकेच्या तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळून घातला होता, तुम्हाला दिसू नये म्हणून. हे गेल्यापासून मी मुलाकडे राहते, गंगापूर रोडला. तुम्ही पाहिलात तेव्हा दुपट्यात होता तो, आता कामासाठी अर्धा आठवडा पुण्याला असतो. घरात बहुतेक वेळ मी आणि सून, दोघीच. ती येवल्याची. तिच्या वडिलांचा पैठणीचा माग आहे. बोलायला सरळ, हाताला चपळ, आणि कॉफीचा नाद माझ्याइतकाच. दाणे आणते आणि हातानं फिरवायच्या छोट्या चक्कीत दळते. त्या चक्कीच्या पोटात एक कडं आहे, ते पिळलं की टिक टिक वाजतं, आणि टिक-टिकीवर दळण जाड किंवा बारीक होतं. तिचं स्वतःचं काचेचं भांडं आहे, त्यात पूड भिजवायची आणि वरून दट्ट्या दाबायचा. त्याला जाड दळण लागतं, आणि माझ्या फिल्टरला त्याहून बारीक. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला काकांचंच माप सांगितलं होतं, तुझ्या भांड्याला उपम्याचा रवा, माझ्या फिल्टरला लाडवाचा. तिला ते इतकं आवडलं की वाणसामानाच्या यादीतसुद्धा ती कॉफीपुढे 'लाडू' लिहायची. दोन वर्षं कशी छान गेली.

मग मध्यंतरी छातीत धडधडायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, कॉफी कमी करा. मी म्हटलं, करते. केली नाही. आणि पुढच्याच पंधरवड्यात माझी कॉफी पाणचट लागायला लागली. आता तुम्हीच सांगा अप्पा, तुम्हाला काय वाटलं असतं? माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात कॉफीचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या कप्प्यात गेला, जिथे माझा हात पोचत नाही. विचारलं तर म्हणे, "शेगडीच्या उष्णतेनं वास उडतो, आई." असेल बाई. पण मुलगा आणि ती हळू आवाजात बोलत असली की मी आल्यावर गप्प व्हायची. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मला दुपारी छान झोप लागायला लागली. चाळीस वर्षांत दुपारच्या कॉफीनंतर माझा डोळा लागला नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. कॉफीचा जीव काढून घेतलेले दाणे मिळतात हल्ली, ते तरी असतील, नाहीतर सरळ चिकोरी, कॉफीत भेसळीला घालतात त्या मुळांची पूड.

मी काही लगेच बोलले नाही. नुसतं म्हणत राहिले, "फिकी आहे गं." ती बिचारी म्हणाली, "माझंच चुकलं. घाईत दोघींचं एकदमच जाड दळत होते." आणि कडं एक टिक पिळलं. मी म्हटलं, अजून फिकीच आहे. तिनं अजून एक टिक पिळलं. असं करत करत पूड पार मैद्यासारखी झाली. फिल्टर तुंबला. वर काळा चिखल, खाली थेंब नाही, आणि जे काही उतरलं ते औषधासारखं कडू. मग तर माझी खात्रीच पटली. गेल्या बुधवारी ती आंघोळीला गेली तेव्हा स्टुलावर चढले, डबा काढला, काचेचा ग्लास भरून गार पाणी घेतलं आणि चिमूटभर पूड वर सोडली. हो, तोच प्रयोग. खरी कॉफी तरंगते, चिकोरी तपकिरी रेघा सोडत तळाला जाते. पूड क्षणभर थांबली आणि रेघा सोडत खाली गेली. अप्पा, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पकडलं, असं झालं मला. ती केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली तेव्हा मी ग्लास तिच्यासमोर धरला. "हे काय आहे? काय पाजतेस मला?"

ती ग्लासकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि चेहरा उतरला. तिनं मुठीत दाणे घेतले, माझ्या तळहातावर ठेवले. "हे दाणे आहेत ना आई? दाण्यात तर काही मिसळता येत नाही? तुम्हीच फिरवा." चक्की सैल करून माझ्या हातात दिली. मी फिरवली. जाड पूड निघाली, नव्या ग्लासात टाकली. तरंगली. मग तिनं त्याच दाण्यांतले उरलेले चार घेतले, कडं घट्ट पिळलं, म्हणाली, फिरवा. हात दुखेपर्यंत फिरवलं. पिठी निघाली. ती पाण्यात टाकली आणि अप्पा, ती बुडाली. त्याच रेघा. तेच दाणे. "बारीक केलं की लवकर भिजतं आणि बुडतं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणत होतात ना, बारीक कर, बारीक कर." मी पुटपुटले, मग ती झोप? तर म्हणे, "डॉक्टरांनी नवीन गोळी दिलीय ना, तिनं सुस्ती येते. चिठ्ठीवरच लिहिलंय." आणि ते कुजबुजणं? मुलाची पुण्याला कायमची बदली व्हायची होती, मला वाईट वाटेल म्हणून दोघं नाही म्हणायच्या खटपटीत होती.

एवढं झाल्यावर तरी मी चुकले म्हणावं की नाही? मी म्हटलं, "अगं, बघितलं तर काय बिघडलं? खात्री केलेली बरी." तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. चिडली की तिच्या बोलण्यात येवला येतं. "आमच्या दारात रोज गिऱ्हाईक येतं, पैठणीचा पदर उलटा करून बघतं. हातमागाचीच हाय का, म्हणतं. बाप माझा गप उभा राहतो. गिऱ्हाईकानं बघावं, त्याचा हक्कच हाय. पण घरच्या माणसानं उलटं करून बघायचं नसतं, आई. माझा बाप जेवायला बसला की आईनं वाढलेली भाकर उलटी करून बघत नाय." दुपारच्या एसटीनं ती येवल्याला गेली. मुलाला फोनवर काय सांगितलं कोण जाणे, तो माझ्याशी नेहमीसारखंच बोलला, त्यामुळे जास्तच लागलं.

घरात मी एकटी, आणि ओट्यावर ते दोन ग्लास. एकात तरंगणारी, एकात बुडालेली. दोन दिवस धुतले नाहीत. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसून राहायचे. सुनेचं वाईट वाटत होतंच, पण खरं सांगते, मला वेताची खुर्ची दिसत होती.

मी सातवीत आहे. शाळेत बाईंनी भेसळ ओळखायचे प्रयोग शिकवलेत, हळदीचा, तिखटाचा, कॉफीचा. रविवार सकाळ. काका खुर्चीत बसलेत, तुम्ही समोर, आई फिल्टरवर पाणी ओततेय. मी म्हणते, "काका, गंमत दाखवू?" तुम्ही कौतुकानं म्हणता, दाखव दाखव. मी काकांनी आणलेल्या डब्यातली चिमूटभर पूड ग्लासातल्या गार पाण्यावर सोडते. ती बुडते. मी पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हणून दाखवते. तुम्ही उठता, ग्लास खिडकीशी धरता, बराच वेळ बघता, आणि तुमचा आवाज कारखान्यातला होतो. "काय हो हे? घरच्या माणसांना चिकोरी पाजता?" काका आधी हसतात, त्यांना वाटतं थट्टा आहे. मग डब्यात हात घालतात, चिमटीत पूड घेतात, अंगठ्यानं चोळतात, अगदी तुम्ही चोळायचात तशी. आणि म्हणतात, "हा पावडर माझा नाही." मला फिस्सकन हसू येतं, 'हा पावडर' म्हणाले म्हणून. तुम्ही म्हणता, "डबा तुमचा, आणलात तुम्ही, आणि पावडर तुमची नाही? वा!" आई आतून म्हणते, "अहो, माणूस घरी आलाय." काका तुमच्याकडे बघतच नाहीत. ते माझ्याकडे बघतात. रागानं नाही. मी काहीतरी सांगेन म्हणून वाट बघतात. मी ग्लास उचलते आणि विसळायला मोरीत निघून जाते.

अप्पा, ती पूड मी दळली होती. आदल्या दुपारी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, तुम्ही ड्यूटीवर. नव्या मिक्सरला हात लावायचा नाही अशी तुमची सक्त ताकीद होती. मी तो डबा मिक्सरच्या भांड्यात ओतला आणि भांडं गरम होईपर्यंत फिरवला, तुमच्यासाठी. तुम्हाला हवी तशी पिठी करून तुम्हाला चकित करायचं होतं. पूड बुडाली ती त्यामुळे, हे मला तेव्हा कळलं नाही, ते मला आत्ता सून दाखवून गेली. पण काका खरं बोलत होते, एवढं मला त्याच क्षणी कळलं होतं. त्यांची पूड रवा होती, डब्यात पिठी होती, आणि ते त्यांच्या बोटांना समजलं होतं. मिक्सरबद्दल मार बसेल म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही. संध्याकाळी तुम्ही मला सायकलवर बसवून नाशिकरोडला नेलंत, भेळ खाऊ घातलीत, आणि भेटेल त्याला सांगितलंत, पोरीनं चोरी पकडली. मी ती भेळ सगळी खाल्ली.

काका पुन्हा वर आले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी त्यांनी आईकडे एक लहान डबा पाठवला. त्यात पूड नव्हती, दाणे होते. आईनं तो तुमच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "बघा, दाण्यात काय मिसळणार तो माणूस?" तुम्ही म्हणालात, "कशावरून?" पण जोर नव्हता आवाजात. ते दाणे कुणी दळलेच नाहीत. वास उडाल्यावर आईनं ते तुळशीत टाकले आणि डब्यात मोहरी भरली. घरात कॉफी बंद झाली. रविवारी सकाळी तुम्ही एकटेच पेपर धरून बसायचात आणि पान उलटायचा नाहीत. तुम्हाला दुसरा मित्र झाला नाही, अप्पा. मी ते बघत मोठी झाले आणि गप्प राहिले. तुम्ही आजारी होतात तेव्हा दोन वेळा तोंडाशी आलं होतं. वाटलं, आता कशाला, जाताना माणसाला त्रास. खरं म्हणजे तुमच्या नजरेतून उतरायची भीती वाटली.

काल सून आली, कांद्यांची पिशवी घेऊन. दार उघडल्या उघडल्या मी म्हटलं, "माझं चुकलं गं." ती म्हणाली, "आधी आत तर येऊ द्या." मग मी तिला हे सगळं सांगितलं, मिक्सरसकट. ती कांदे पसरत ऐकत होती. म्हणाली, "त्या काकांना कळवलं का कधी?" मी म्हटलं, "अगं, आता ते कुठले असायला?" ती मान वर न करता म्हणाली, "कशावरून?" त्यांच्या गावाचं नाव मला पाठ आहे, प्रत्येक डब्यावर असायचं. त्या पत्त्यावर पत्र टाकता येईल. म्हणूनच ते सोडून मी हे तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण हे कुठे पोचणार नाही. उद्या तो दुसरा कागद घेईन म्हणते.

आणि एक सांगायचं राहिलं. आज सकाळी तिनं लाडवाच्या रव्याएवढी पूड दळून डबा ओट्यावरच ठेवला, माझ्या हाताशी, आणि अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालायला गेली. फिल्टर टपटपत होता, वास घरभर. सगळं ठीक होतं. तरी माझा हात गेला, अप्पा. ग्लास भरला, चिमूट सोडली. तरंगली. तेवढ्यात तिची पावलं वाजली, आणि तिला दिसू नये म्हणून मी तो ग्लास तसाच तोंडाला लावून पुडीसकट घटाघट पिऊन टाकला.